शेंगदाणा-चॉकलेटचे पाइनकोन : एका नाताळी मिठाईची अष्टविध परीक्षा

प्रास्ताविक

पथ्यापथ्याविषयी रुग्ण जे प्रश्न विचारतात, ते आता ग्रंथोक्त अन्नापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. पीनट बटर, चॉकलेट, न्याहारीचे फ्लेक्स ही द्रव्ये घरोघरी पोहोचली आहेत. परदेशस्थ मराठी कुटुंबांत व शहरांतील शाळांत नाताळाच्या निमित्ताने जी मिठाई केली जाते, तीत शेंगदाण्याच्या लगद्याला सूचिपर्णी वृक्षाच्या शंकूचा म्हणजे पाइनकोनचा आकार देऊन, त्यावर चॉकलेटचे खवले रचून, वरून पिठीसाखरेचे ‘हिम’ भुरभुरण्याचा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. ‘वैद्यराज, हे मुलांना द्यावे का?’ या प्रश्नास ‘बाहेरचे खाऊ नका’ एवढेच उत्तर देणे सोपे असले, तरी ते शास्त्रीय नव्हे. द्रव्य ग्रंथात नाही म्हणून ते अपथ्य ठरत नाही, तसेच ते रुचकर आहे म्हणून पथ्यही ठरत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या हिताहिताचा निर्णय करण्यासाठी आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. प्रस्तुत लेखात या मिठाईची परीक्षा याच क्रमाने केली आहे. करणाच्या विवेचनात तिची संपूर्ण कृती दिली असून, शेवटी फार्मसीचालकांसाठी आवश्यक सूचना दिल्या आहेत.

अर्वाचीन द्रव्यांचा स्वीकार आपल्या परंपरेस नवा नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन केले व त्यावर चोपचिनीसारखे त्या काळी नवे असलेले द्रव्य योजिले. त्यांनी जे केले, तेच आज आपण शेंगदाणा व कोको यांच्या बाबतीत करावयाचे आहे.

१. प्रकृती

शेंगदाणा : भुईमूग ही शिंबीकुलातील वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारातून ती पूर्वेकडे पसरली. त्यामुळे बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे. फूल जमिनीवर येते; परागधारणेनंतर आऱ्या जमिनीत शिरतात व शेंग मातीत पोसते. मातीशी असलेला हा संबंधच पुढे बुरशीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. सुमारे निम्मे वजन स्नेहाचे व एक चतुर्थांश प्रथिनांचे, अशी दाण्याची रचना आहे. शंभर ग्रॅम दाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. रस मधुर, अनुरस कषाय, गुण गुरू व स्निग्ध असे अनुमान करता येते. अतिसेवनाने पित्त व कफ वाढतात, हा अनुभव महाराष्ट्रातील गृहिणींनाही आहे. उपवासाच्या दिवशी दाण्याच्या कुटाचे पदार्थ खाऊन ‘पित्त झाले’ म्हणून येणारे रुग्ण सर्वांच्याच परिचयाचे आहेत.

चॉकलेट : कोको वृक्षाच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून व दळून चॉकलेट सिद्ध होते. लिनिअसने १७५३ मध्ये या वृक्षास जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा आहे. शुद्ध कोको तिक्त-कषाय व रूक्ष आहे; साखर व स्नेह यांच्या संस्काराने तो मधुर, गुरू व स्निग्ध होतो. त्यात थिओब्रोमीन व अल्प प्रमाणात कॅफीन ही उत्तेजक द्रव्ये असतात. त्यामुळे निद्रानाशाच्या रुग्णाने सायंकाळनंतर कडू चॉकलेट घेणे इष्ट नव्हे. हेच थिओब्रोमीन कुत्र्यांस विषासमान आहे, ही गोष्ट पाळीव कुत्रा असलेल्या घरांत आवर्जून सांगावी.

या दोन द्रव्यांचा इतिहास वैद्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. कॅनडातील माँट्रिऑल येथील मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्ये भाजलेले दाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून लगदा करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये दाण्याच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा उद्देश रुग्णांना मांसाविना पोषक अन्न देण्याचा होता आणि त्यांनी दाणे भाजण्याऐवजी वाफवले होते. चॉकलेटच्या बाबतीत १८२८ मध्ये व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील स्नेह वेगळा करणारा दाब, १८४७ मध्ये फ्राय कंपनीने खाण्याची वडी आणि १८७५ मध्ये डॅनियल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट सिद्ध केले. या दोहोंचा संयोग असलेली रीस यांची प्रसिद्ध मिठाई १९२८ पासून पेनसिल्व्हेनियात होऊ लागली. म्हणजे आरोग्यधामातील पथ्यान्नाची अवघ्या तीन-चार दशकांत मिठाई झाली. द्रव्य तेच राहिले. करण, संयोग व राशी बदलले आणि त्याबरोबर परिणामही बदलला. आठ आयतनांचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

२. करण

करण म्हणजे संस्कार. आपल्या परिचयाच्या पद्धतीने येथेही पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग करता येतात. पुढील प्रमाणात मध्यम आकाराचे २० पाइनकोन होतात.

घटक : निवडलेले कच्चे शेंगदाणे ३०० ग्रॅम (भाजून, सोलून २५० ग्रॅम घ्यावेत), पिठीसाखर १५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्यांचे जाडसर पीठ ५० ग्रॅम, कोको पावडर १५ ग्रॅम, सैंधव चिमूटभर, बदामाचे पातळ काप १०० ग्रॅम, कडू चॉकलेट १५० ग्रॅम, वरून भुरभुरण्यासाठी पिठीसाखर २५ ग्रॅम. अमेरिकेत राजगिऱ्याच्या जागी तांदळाच्या कुरकुरीत लाह्या व बदामाच्या कापांऐवजी चॉकलेटचे न्याहारीचे फ्लेक्स वापरतात. राजगिरा लाही लघू असल्याने आपल्याकडे ती अधिक श्रेयस्कर होय.

पूर्वकर्म : दाणे प्रथम निवडावेत. सुरकुतलेले, काळपटलेले, फुटके, खवट वासाचे किंवा बुरशीचा अंश असलेले दाणे निर्दयपणे काढून टाकावेत. ही केवळ स्वच्छतेची बाब नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने दगावले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीजन्य विष आढळले व त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतास घातक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मनुष्यात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या वर्गात घातले आहे. भाजण्याने ते काही अंशी कमी होते, पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून निवडणे हाच येथे खरा शोधनसंस्कार आहे.

निवडलेले दाणे ओव्हनमध्ये १५० ते १६० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे, अथवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत परतून भाजावेत. साल सहज सुटणे, आतील गर फिकट बदामी होणे व भाजका सुगंध येणे ही सम्यक् भर्जनाची लक्षणे होत. गर तपकिरी झाला, तर कडवटपणा येतो. थंड झाल्यावर हातांनी चोळून, पाखडून साल व शक्य तितके कोंब काढावेत.

प्रधानकर्म (लगदा) : कोरड्या भांड्यात दाणे वाटण्यास घ्यावेत. प्रथम कूट होतो, मग त्याचे गोळे बनतात, पुढे स्नेह सुटून लगदा चकचकीत व प्रवाही होतो. यास घरगुती मिक्सरमध्ये पाच ते आठ मिनिटे लागतात. भांडे तापू लागल्यास थांबून थांबून वाटावे. वरून तेल किंवा पाणी घालण्याचा मोह टाळावा. पाण्याचा एक थेंबही लगद्यास घट्ट व चिकट करतो आणि टिकाऊपणा घटवतो.

या लगद्यात सैंधव, कोको व पिठीसाखर घालून मळावे. नंतर राजगिऱ्याचे पीठ थोडे थोडे घालावे. मिश्रण मुठीत दाबल्यास आकार धरते, बोटांस चिकटत नाही व बोटाचा ठसा उमटून राहतो, ही सिद्धीची लक्षणे समजावीत. वटी-मोदक कल्पनेत ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना ही अवस्था ओळखण्यास अडचण येणार नाही. दाण्याच्या लाडवाचीच ही बहीण होय. फरक इतकाच, की येथे पाक नाही. मिश्रण अर्धा तास शीतपेटीत ठेवून घट्ट करावे.

प्रधानकर्म (आकार) : सुमारे २३ ग्रॅमचा गोळा घेऊन पाच सेंटिमीटर उंचीचा, बुडाशी रुंद व टोकाशी निमुळता शंकू करावा. खऱ्या पाइनकोनचे खवले अस्ताव्यस्त नसून सर्पिल ओळींत असतात. दोन्ही दिशांनी ओळी मोजल्यास बहुधा ५ व ८ किंवा ८ व १३ अशा संख्या मिळतात. घरगुती मिठाईत इतकी मोजदाद नको, परंतु एक नियम पाळावा : वरच्या ओळीतील दोन कापांच्या फटीखाली पुढील ओळीतील एक काप यावा. टोकापासून आरंभ करून तेथे तीन काप उभे खोचावेत व खालच्या बाजूस उतरत जावे. कापाचे टोक वर व किंचित बाहेर झुकलेले असावे. अशा रीतीने खालच्या ओळीची टोके वरच्या ओळीची बुडे झाकतात व आकार हुबेहूब येतो.

एक सावधगिरीची सूचना. सजावटीसाठी बाजारात मिळणाऱ्या खऱ्या शंकूंवर रंग, रोगण किंवा सुगंधी द्रव्ये लावलेली असतात. असे शंकू मिठाईच्या ताटात ठेवू नयेत. आपल्या निघंटूंतील सरल हा हिमालयीन वृक्ष याच कुलातील आहे. त्याचा निर्यास श्रीवेष्टक या नावाने औषधात आहे, पण त्याचा शंकू खाद्य नाही. चिलगोजा हे खाद्य बीज वेगळ्या जातीच्या पाइनचे आहे.

पश्चात्कर्म : चॉकलेटचे अवगुंठन हा या कृतीतील सर्वांत नाजूक भाग होय. कोकोचा स्नेह साधारण ३४ अंशांस म्हणजे मुखाच्या उष्णतेत वितळतो. म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट व जिभेवर मऊ लागते. परंतु हा स्नेह अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतो व त्यांपैकी एकच प्रकार चकाकी व कडकपणा देतो. तो मिळविण्यासाठी चॉकलेट बारीक चिरून, गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवावे. भांड्याचा तळ पाण्यास लागू देऊ नये, वाफ आत जाऊ देऊ नये. मग ढवळत २७ ते २८ अंशांपर्यंत निववावे व पुन्हा ३१ ते ३२ अंशांवर आणावे. सुरीच्या पात्यावर पुसटसा थर घेतल्यास तो थंड खोलीत पाच मिनिटांत चकचकीत गोठला, तर संस्कार साधला. नंतर मऊ, कोरड्या कुंचल्याने कापांवर दोन पातळ थर द्यावेत. पूर्ण गोठल्यावर बारीक चाळणीतून पिठीसाखर भुरभुरावी.

व्यापद : चॉकलेट दाणेदार होऊन आवळले, तर पाणी शिरले असे समजावे. गोठल्यानंतर पांढुरके पट्टे उमटले, तर तापमान चुकले. शीतपेटीतून काढल्यावर दवामुळे साखर विरघळूनही पृष्ठभाग पांढरा होतो. हे पांढरेपण म्हणजे बुरशी नव्हे. खाण्यास ते निर्दोष आहे. मात्र केसाळ किंवा हिरवट-काळी वाढ, तसेच खवट वास असल्यास संपूर्ण घाणा टाकून द्यावा. सिद्ध पाइनकोन हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून, थंड जागी ठेवावेत व आठ-दहा दिवसांत संपवावेत.

३. संयोग

संयोगाच्या बाबतीत दोन प्रश्न उद्भवतात. पहिला मधाचा. अनेक अमेरिकन कृतींत बांधणीसाठी मध तापवून घालतात. उष्ण मधाविषयी आपल्या शास्त्राचे मत स्पष्ट आहे; म्हणून वरील कृतीत मध घेतलेला नाही. कोणास घ्यावयाचाच असेल, तर तो निवलेल्या लगद्यात घालावा, तुपाबरोबर समप्रमाणात कधीही घेऊ नये. एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये. त्यातील विशिष्ट जिवाणूच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

दुसरा प्रश्न दुधाच्या चॉकलेटचा. काही शिंबीधान्यांचा दुधाशी संयोग ग्रंथांनी विरुद्ध मानला आहे. भुईमुगाचे नाव त्या सूचीत असणे शक्यच नव्हते. म्हणून तो विरुद्धच आहे असा आग्रह धरता येत नाही, तसा निर्वाळाही देता येत नाही. ज्यांना त्वग्विकार किंवा वारंवार अजीर्ण आहे, त्यांच्यासाठी दूधविरहित कडू चॉकलेट निवडणे हा व्यवहार्य मार्ग होय. वरील कृतीत तेच योजिले आहे. यासोबत आइस्क्रीम अथवा थंड दूध घेण्याची प्रथा मात्र अग्नीच्या दृष्टीने सर्वथा त्याज्य समजावी.

४. राशी

वरील प्रमाणात एका पाइनकोनचे वजन सुमारे ३५ ग्रॅम भरते. ढोबळ हिशेबाने त्यातून १९० कॅलरी व सुमारे १२ ग्रॅम साखर मिळते. तीन खाल्ले, तर एका साध्या जेवणाइतकी ऊर्जा पोटात जाते. आणि ते जेवणानंतर खाल्ले जातात, हीच खरी अडचण आहे. गुरू द्रव्यांनी एक तृतीयांश किंवा फार तर अर्धी तृप्ती साधावी, हा मात्राशितीय अध्यायातील उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. निरोगी प्रौढास एक, उत्तम अग्नी व श्रमाची सवय असलेल्यास दोन आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलास अर्धा, अशी मात्रा सांगावी. जेवढा पाइनकोन खाल्ला, तेवढी त्या जेवणातील पोळी किंवा भात कमी करावा. हा सल्ला निषेधापेक्षा अधिक पाळला जातो.

५. देश व ६. काल

ही मिठाई ज्या देशात रूढ झाली, तेथे डिसेंबरात कडाक्याची थंडी असते व पाइनवृक्ष हिमाने झाकलेले असतात. पिठीसाखरेचे ‘हिम’ हे त्याचेच अनुकरण. २५ डिसेंबर हा दिवस आपल्या पंचांगाप्रमाणे बहुधा मार्गशीर्ष-पौषात म्हणजे हेमंत ऋतूत येतो. हेमंतात बाह्य शीतामुळे जठराग्नी बलवान होतो व गुरू-स्निग्ध अन्न त्यास इंधनासमान असते, असे ऋतुचर्येत सांगितले आहे. आपल्याकडे याच ऋतूच्या शेवटी तिळगूळ येतो. दूरदेशीच्या लोकांनी स्वतंत्रपणे थंडीच्या सणास स्नेहयुक्त मधुर पदार्थ जोडावा, यातून ऋतुचर्येचे तत्त्व सार्वत्रिक असल्याचेच दिसते.

तथापि, मुंबई, कोकण व गोवा येथील डिसेंबर म्हणजे तो हेमंत नव्हे. दमट समुद्रकिनारी चॉकलेटचा थर मऊ पडतो, तसाच खाणाऱ्याचा अग्नीही हिमप्रदेशाइतका प्रखर नसतो. शिवाय आता ही मिठाई वसंतातील वाढदिवसांस व वर्षा ऋतूतही केली जाते. वसंतात कफ पातळ होऊन सुटत असतो व वर्षेत अग्नी मंद असतो. त्या वेळी ती टाळणेच योग्य.

७. उपयोगसंस्था

पूर्वीचे अन्न जिरल्यावर, भूक लागली असता, मन लावून खावे, हा नियम मिठाईसही आहे. दुपारच्या जेवणात, आरंभी किंवा मध्ये ती घ्यावी; रात्री उशिरा नको. वर घोट घोट कोमट पाणी घ्यावे.

हा नियम मोडला असता काय होते, याचे उदाहरण सार्वजनिक आहे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या धावपळीत महात्मा गांधींचा मुख्य आहार शेंगदाण्याचे लोणी व लिंबू हा होता. त्याच्या अतिसेवनाने त्यांना सौम्य प्रवाहिका झाली. अशा स्थितीत सणाच्या दिवशी लंघनाचा निश्चय सोडून त्यांनी तेल घातलेली गव्हाची गोड लापशी व मूग पोटभर खाल्ले. तासाभरातच व्याधी तीव्र झाली आणि त्या दुखण्याने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. हे सर्व त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले आहे. शेंगदाणा येथे विष नव्हता. अग्नी मंद असता गुरू-स्निग्धावर पुन्हा गुरू-स्निग्ध घेतले गेले, हे व्याधीचे मर्म होय. सणासुदीला आपल्याकडे येणाऱ्या अतिसाराच्या रुग्णांचा इतिहास फारसा निराळा नसतो.

८. उपयोक्ता

आठही आयतनांत हे शेवटचे सर्वांत निर्णायक आहे. मधुमेह, स्थौल्य व अम्लपित्त असलेल्यांनी ही मिठाई टाळावी किंवा नाममात्र घ्यावी. चॉकलेटने अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा आवळ सैल होतो, म्हणून घशाशी आंबट येणाऱ्यांचा त्रास वाढतो. दाणे, बदाम व कोको या तिन्हींत ऑक्झलेट बरेच असल्याने त्या प्रकारच्या अश्मरीच्या रुग्णांना ती वर्ज्य करावी. अर्धशिशीच्या काही रुग्णांत चॉकलेटमुळे वेग येतो; त्यांना स्वतःचा अनुभव प्रमाण मानण्यास सांगावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. घट्ट लगद्याचा मोठा घासही घशात अडकून श्वास कोंडू शकतो.

यापेक्षाही गंभीर बाब शेंगदाण्याच्या ॲलर्जीची. ज्याच्या शरीराने शेंगदाण्याच्या प्रथिनाशी वैर धरले आहे, त्यास अत्यल्प अंशही घातक ठरू शकतो. येथे राशी, काल व संस्कार यांचा विचार संपतो. सेवनानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ-जिभेस सूज, घोगरा आवाज, घरघर, उलटी, चक्कर, रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसल्यास ती शीतपित्त समजून घरगुती उपाय करीत बसणे प्राणघातक होय. यातील प्रथमोपचार एकच : मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन. मात्रा शरीरभाराच्या प्रति किलोस ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांत एका वेळी कमाल ०.५ मिलिग्रॅम. ज्यांना तो अधिकार व प्रशिक्षण आहे त्यांनी ते द्यावे. इतरांनी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास आडवे ठेवावे, एकदम उभे करू नये. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसू द्यावे. लक्षणे शमली तरी काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून रुग्णालयात निरीक्षण आवश्यक आहे. ॲलर्जीप्रतिबंधक गोळी ही ॲड्रेनॅलीनची जागा घेऊ शकत नाही.

याच संदर्भात सात्म्याचा विचार उद्बोधक ठरतो. २०१५ मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲलर्जीचा विशेष धोका असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बालकांपैकी अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, अर्ध्यांना वर्ज्य केले गेले. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के, तर सेवन गटात ३.२ टक्के मुलांना ॲलर्जी आढळली. योग्य काळी, योग्य रूपात व सातत्याने घेतलेले द्रव्य सात्म्य होते, या विचाराशी हे सुसंगत आहे. तथापि, ज्या बालकास तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्यास पहिला घास तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावा. ज्यास ॲलर्जी सिद्ध झाली आहे, त्यास ‘सवय लावण्याचा’ प्रयोग घरी अथवा आपल्या चिकित्सालयात कदापि करू नये.

फार्मसीचालकांसाठी

सणाच्या काळात मोदक, लाडू, वड्या यांसारखी खाद्ये काही फार्मसी विक्रीस ठेवतात. शेंगदाण्याचा प्रवेश तेथे होणार असेल, तर पुढील गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात.

(१) ज्या यंत्रात किंवा खलात शेंगदाणे वाटले, त्यातच पुढे बालकांसाठीचे चूर्ण अथवा अवलेह केल्यास त्यात दाण्याचा अंश उतरतो. औषध घेणाऱ्यास याची कल्पनाही नसते. शेंगदाण्यासाठी यंत्र, चाळण्या, कुंचले व शक्य तर खोलीही स्वतंत्र ठेवावी. पुसून घेणे पुरेसे नाही; स्नेहयुक्त लगदा फटींत राहतो.

(२) तैलकल्पांत तीळतेलाऐवजी शेंगदाणा तेल वापरले गेले असल्यास ते दडवू नये. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही, परंतु लाकडी घाण्याच्या तेलात तो राहू शकतो. ज्या तेलाची ख्याती ‘नैसर्गिक’ म्हणून आहे, तेच ॲलर्जीच्या रुग्णास अधिक धोक्याचे, हे लक्षात असू द्यावे.

(३) भाजल्यानंतरची स्वच्छता भाजण्याइतकीच महत्त्वाची आहे. २००८-०९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एका कारखान्याच्या शेंगदाणा उत्पादनांतून साल्मोनेला जिवाणूंचा प्रादुर्भाव झाला. सातशेहून अधिक लोक आजारी पडले व नऊ मृत्यू या साथीशी जोडले गेले. माल दूषित असल्याचे ठाऊक असूनही तो पाठविल्याबद्दल २०१५ मध्ये मालकास २८ वर्षांची शिक्षा झाली. लगद्यात पाणी अत्यल्प असल्याने जिवाणू वाढत नाहीत, पण दीर्घकाळ जिवंत राहतात. म्हणून कच्च्या व भाजलेल्या दाण्यांसाठी वाटा, भांडी व हात वेगळे असावेत.

(४) औषधनिर्मितीचा परवाना खाद्यविक्रीस पुरत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार स्वतंत्र नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. २०२२ च्या आयुर्वेद आहार विनियमांची व्याप्ती प्रमाणग्रंथांतील कृतींपुरती आहे. शेंगदाणा-चॉकलेटच्या मिठाईस ‘आयुर्वेद आहार’ हे बिरुद लावू नये. तीत अश्वगंधा किंवा शतावरी मिसळून ‘बल्य चॉकलेट’ म्हणून विकण्याचा मोह तर सर्वथा टाळावा.

(५) वेष्टनावर शेंगदाणे, बदाम आणि लागू असेल तेथे दूध, सोया व गहू यांचा ठळक उल्लेख करावा. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ॲलर्जीकारक घटकांची घोषणा बंधनकारक आहे. सुटी मिठाई देताना ही माहिती तोंडी सांगावी व फलकावरही लिहावी.

उपसंहार

वरील परीक्षेवरून असे दिसते, की हे खाद्य स्वभावतः गुरू, स्निग्ध व मधुर आहे. हेमंतात, दीप्ताग्नी व निरोगी व्यक्तीने, जेवणाबरोबर, एकाच्या मर्यादेत घेतल्यास ते बल व तृप्ती देते. मंदाग्नीत, अवेळी व अतिमात्रेत घेतल्यास व्याधीस कारण होते. आणि ज्यास शेंगदाणा असात्म्य आहे, त्यास एका कणानेही प्राणसंकट ओढवू शकते. एकाच मिठाईची ही तीन उत्तरे आहेत व ती तीन निरनिराळ्या उपयोक्त्यांसाठी आहेत.

म्हणून यापुढे कोणी ‘हे द्यावे का?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी वैद्याने तीन प्रतिप्रश्न अवश्य विचारावेत : कोणास द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, आणि शेंगदाणा वा अन्य कशाने पूर्वी त्रास झाला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावे. औषध देणाऱ्या सहायकाच्या दृष्टीसही ते प्रत्येक वेळी पडले पाहिजे.